वाचकांचे प्रश्न: औषधाच्या रेणूला किरणोत्सारी धातू कसा जोडतात?

पेट स्कॅन आणि गॅमा कॅमेऱ्यासाठी लागणाऱ्या औषधांबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ आणि भालकीहून पत्रे आली आहेत. काही विद्यार्थ्यांची आहेत, काही रुग्णांच्या घरच्यांची, एक तर वर्कशॉपमधून आले आहे. रेडिओफार्मसीत, म्हणजे किरणोत्सारी औषधे बनवणाऱ्या विभागात, काम करणाऱ्यांनी त्यांची उत्तरे दिली आहेत. खाली दिलेली मापे समजून घेण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष काम परवाना असलेल्या विभागातच आणि तिथल्या मंजूर पद्धतीनेच करायचे.

गॅलियमचे द्रावण पेप्टाइडमध्ये मिसळले की ते आपोआप चिकटत नाही का? मध्ये चिलेटर कशाला लागतो? (बी.एस्सी. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, खानापूर)

चिकटत नाही. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, ती औषधाला गाठीपर्यंत नेते; पण तिच्यातली अमिनो आम्ले गॅलियम या धातूला जेमतेम धरतात. असे मिश्रण शिरेतून दिले तर रक्तातले ट्रान्सफेरिन हे लोह वाहणारे प्रथिन तो गॅलियम काढून घेते, कारण गॅलियमचा तीन धनभारांचा आयन फेरिक आयनासारखाच वागतो. मग पेप्टाइड एकीकडे जाते, किरणोत्सार दुसरीकडे, आणि चित्रात दिसते ते फक्त रक्त.

म्हणून पेप्टाइडच्या एका टोकाला आधीच एक चिलेटर, म्हणजे धातूला घट्ट धरून ठेवणारा गट, जोडलेला असतो. डोटा हा त्यातला सर्वांत परिचित. बारा अणूंचे कडे, त्यात चार नायट्रोजन, आणि बाहेर चार कार्बोक्झिल शाखा. गॅलियमच्या मानाने हे कडे जरा मोठे आहे, त्यामुळे धातू आत बसवायला ९५ अंश सेल्सियसला तापवावे लागते. नोटाचे कडे नऊ अणूंचे आणि गॅलियमच्या मापाचे असते. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा शोध घेणाऱ्या पीएसएमए-११ या औषधामधला एचबेड-सीसी तर कड्याचा नाहीच, त्याची साखळी सरळ आहे. हे दोन्ही खोलीच्या तापमानालाच गॅलियम घेतात. डोटाचा फायदा वेगळा आहे: त्याच पेप्टाइडवर ल्युटेशियम-१७७ बसवून उपचारही करता येतात.

आता जो आकडा लक्षात ठेवायलाच हवा तो सांगतो. १ गिगाबेक्वेरेल, म्हणजे २७ मिलिक्युरी गॅलियम-६८ घेतले तर त्यात धातू किती असतो? अर्धायुष्य ६८ मिनिटे धरून हिशेब केला की ५.९ × १०^१२ अणू येतात. म्हणजे सुमारे १० पिकोमोल, वजनात एका नॅनोग्रॅमहूनही कमी. शेजारी १० मायक्रोग्रॅम डोटाटेट (डोटा जोडलेले पेप्टाइड) ठेवा, ते होते ७ नॅनोमोल. प्रत्येक गॅलियम अणूमागे सातशे जागा रिकाम्या.

इतक्या जागा असताना जोडणी फसते कशी, हा पुढचा प्रश्न. फक्त ०.४ मायक्रोग्रॅम लोह द्रावणात आले तर तेही ७ नॅनोमोल होते आणि सगळ्या सातशे जागा अडवू शकते. आपल्या भागातली जांभ्याची लाल माती लाल दिसते तीच मुळी लोहाच्या ऑक्साइडमुळे. डोळ्याला न दिसणारी धूळ या हिशेबात खूप मोठी ठरते. रेडिओफार्मसीत स्वच्छतेबद्दल जो हट्ट असतो त्याचे अर्धे कारण जंतू, आणि उरलेले अर्धे हे.

आम्हाला गॅलियम-६८ डोटाटेटचे उत्पन्न पूर्वी ९० टक्क्यांपर्यंत मिळायचे, आता ६० वर आले आहे. जनरेटर जुना झाला म्हणून असे होते का? (न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजीचा विद्यार्थी, बेळगाव)

आधी सांगा, हे ६० टक्के क्षय-दुरुस्त, म्हणजे मधल्या वेळात आपोआप घटलेला किरणोत्सार हिशेबात धरून काढलेले, आहेत का? सकाळी १० वाजता जनरेटरमधून (जर्मेनियम-६८ धरून ठेवलेला स्तंभ, त्यातल्या जर्मेनियमचे गॅलियम होत राहते) ४०० मेगाबेक्वेरेल काढले आणि साडेदहाला व्हायलमध्ये २४० भरले, तर भागाकार ६० येतो. पण अर्ध्या तासात गॅलियम स्वतःहूनच ७३.५ टक्क्यांवर उतरलेले असते. २४० ला ०.७३५ ने भागा: ३२६. खरे उत्पन्न ८२ टक्के. वहीत प्रत्येक मापनाशेजारी वेळ मिनिटासकट लिहिलेली नसेल तर पुढचा सगळा शोध व्यर्थ आहे.

जनरेटर जुना झाला की *मिळणारे* गॅलियम कमी होते. जर्मेनियम-६८ चे अर्धायुष्य २७१ दिवस आहे, त्यामुळे १८५० मेगाबेक्वेरेलचा जनरेटर नऊ महिन्यांनी ९२५ चा राहतो, आणि एका वेळी त्यातले ६० ते ७० टक्के हाती येते. जोडणीची टक्केवारी मात्र केवळ वयामुळे पडत नाही.

दुरुस्तीनंतरही उत्पन्न कमीच असेल तर किरणोत्सार गेला कुठे ते मोजा. काम संपल्यावर चार वस्तू डोस कॅलिब्रेटर या किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात ठेवायच्या: रिकामी झालेली अभिक्रियेची व्हायल, सी-१८ काट्रिज (औषध धरून ठेवणारी छोटी नळी), धुण्याचे पाणी आणि शेवटची व्हायल. चारही आकडे एकाच वेळेला आणून बेरीज करा.

धुण्याच्या पाण्यात जास्त असेल तर गॅलियम मोकळा राहिला, म्हणजे जोडणीच झाली नाही. अभिक्रियेच्या व्हायलच्या काचेला किंवा काट्रिजला चिकटून राहिला असेल तर बहुधा गॅलियम हायड्रॉक्साइडचा कोलॉइड, म्हणजे द्रावणात तरंगणारे अतिसूक्ष्म कण, झाला आहे. काट्रिजवर खूप राहिला पण टीएलसी (पट्टीवरची शुद्धतेची चाचणी) चांगली आली, तर दोष रसायनाचा नाही, काट्रिजच्या हाताळणीचा आहे: आधी इथेनॉलने भिजवले नाही, भिजवल्यावर त्यातून हवा जाऊन ते कोरडे पडले, किंवा शेवटी ५० टक्के इथेनॉल घाईने ढकलले. एक मिलिलिटर सावकाश, थेंबाथेंबाने जाऊ द्यावे. मग ते ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून सलाइनमध्ये घ्यायचे. एकूण १० मिलिलिटर केले की इथेनॉल ५ टक्के राहते.

जोडणीच फसत असेल तर पहिला संशय पीएचवर. इथे थोडा वेळ थांबायला हवे, कारण निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ आम्हाला इथेच सापडते. डोटासाठी पीएच ३.५ ते ४ च्या आसपास लागतो. त्याखाली चिलेटरच्या नायट्रोजनवर हायड्रोजन बसलेले असतात आणि धातूला जागा मिळत नाही. त्यावर गॅलियमचा हायड्रॉक्साइड होऊ लागतो. समजा जनरेटरमधून ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लात १ मिलिलिटर अंश (बाहेर आलेल्या द्रावणाचा भाग) घेतला. त्यात ०.१ मिलिमोल आम्ल आहे. त्यात ०.२५ मोलार सोडियम ॲसिटेट घालायचे. ०.४० मिलिलिटर घातले तर ॲसिटेट आणि आम्ल नेमके बरोबरीत येतात आणि पीएच २.९ ते ३ राहतो. ०.४७ मिलिलिटर घातले तर ४.०. ०.६० घातले तर ४.५. म्हणजे ०.०७ मिलिलिटरच्या फरकाने पीएच एक अंकाने बदलतो! १ मिलिलिटरच्या सिरिंजवर हा फरक सात बारीक रेघांचा. हातातली सिरिंज २ किंवा ५ मिलिलिटरची असेल तर तो दिसतही नाही.

म्हणून आम्लाची किंवा बफरची (इथे ॲसिटेटची) नवी बाटली उघडली की आधी किरणोत्सार नसलेल्या आम्लावर करून पाहा: त्याच बाटलीतले १ मिलिलिटर आम्ल, त्याच बाटलीतला बफर, आणि अरुंद पल्ल्याच्या पीएच पेपरवर एक छोटा थेंब. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड खऱ्या व्हायलमध्ये कधीही बुडवू नका. अंश किती घेतला त्यावरही सगळे अवलंबून आहे. ५ मिलिलिटर आम्लाने जनरेटर धुताना पहिला एक-दीड मिलिलिटर जवळपास रिकामा असतो, आणि त्यानंतरच्या एक-दीडमध्ये बहुतेक गॅलियम येते. नळी बदलली, तिची लांबी वाढली की हा टप्पा सरकतो आणि तुम्ही चुकीचा मिलिलिटर गोळा करता. नळी बदलल्यावर अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरचे अंश घेऊन वक्र पुन्हा काढा.

दुसरा संशय परक्या धातूंवर. गॅलियम-६८ क्षय पावून स्थिर जस्त-६८ होते आणि ते जनरेटरमध्ये साचत राहते. १८५० मेगाबेक्वेरेलच्या जनरेटरला तीन दिवस हात लावला नाही तर सुमारे ०.८ नॅनोमोल जस्त जमते. त्याच वेळी जनरेटरमधला गॅलियम असतो फक्त १८ पिकोमोल. म्हणून सोमवारी सकाळी पहिले एल्यूशन (जनरेटर आम्लाने धुऊन काढलेले द्रावण) टाकून द्यायचे आणि चार तासांनी पुन्हा काढायचे. तोवर ९१ टक्के गॅलियम परत तयार झालेले असते. आमच्या मते ४० मायक्रोग्रॅम पेप्टाइड घेतले असेल तर एवढ्या जस्ताने उत्पन्न २० टक्क्यांनी पडणार नाही. १० मायक्रोग्रॅमच घेतले असेल आणि दोन आठवडे एल्यूशन झाले नसेल तर पडेल. लोहाचे मात्र वेगळे आहे. आम्ल ओढायला स्टीलची सुई वापरली, साध्या ग्रेडचे आम्ल वापरले, तर लोह मायक्रोग्रॅमच्या हिशेबात येते. प्लास्टिकची कॅन्युला, धातुमुक्त ग्रेडचे आम्ल आणि प्लास्टिकची बाटली घ्या. रबरी बुचांकडेही लक्ष ठेवा, रबर घट्ट करताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात आणि आम्ल ते बाहेर काढते.

तिसरा संशय हीटरवर. पडद्यावर ९५ दिसते ते ब्लॉकचे तापमान. व्हायल खोबणीत सैल बसत असेल तर मधली हवा उष्णता आत जाऊ देत नाही. तेवढेच साधे पाणी भरलेली दुसरी व्हायल ठेवून तिच्यात तापमापक घाला आणि ९० ओलांडायला किती मिनिटे लागतात ते पाहा. दहा मिनिटांपैकी सहा तापण्यातच जात असतील तर कारण सापडले. पावसाळ्यात मध्येच वीज गेली तर ब्लॉक थंड पडतो, त्यालाही यूपीएसवर ठेवा.

आणि पेप्टाइड. एकच मोठी कुपी दर वेळी वितळवून पुन्हा गोठवू नका. आल्याबरोबर एकेका बॅचच्या मापाने लहान प्लास्टिक कुप्यांत वाटून उणे २० ला ठेवा.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर बफर करायला चालेल का? (वाचक, चिकोडी)

नाही. बॅटरीला चालणारे पाणी निर्जंतुक नसते, त्यात एंडोटॉक्सिन (जंतूंचे विष) किती आहे ते कोणी तपासत नाही, आणि त्यातले लोह-जस्त आपल्या कामासाठी फार जास्त असते.

टीएलसीत ९७ टक्के शुद्धता आली, तरी डॉक्टर म्हणतात यकृत नेहमीपेक्षा जास्त उजळ दिसते. पीएसएमए-११ किटने बनवतो, काट्रिज वापरत नाही. (फार्मासिस्ट, निपाणी)

तुम्ही बहुधा एकच पट्टी चालवता, सायट्रेटची. तीत मोकळा गॅलियम द्रावणाबरोबर वर जातो, आणि जोडलेले औषध खाली राहते. पण कोलॉइडही खालीच राहतो. म्हणून तुमच्या ९७ मध्ये औषध आणि कोलॉइड दोन्ही मोजले गेले.

दुसरी पट्टी १ मोलार अमोनियम ॲसिटेट आणि मिथेनॉल समप्रमाणात घेऊन चालवा. तीत औषध वर जाते आणि कोलॉइड आरंभरेषेवर राहतो. सायट्रेटमध्ये वर ३ टक्के, आणि या पट्टीत खाली ८ टक्के निघाले तर खरी शुद्धता ८९. सर्वसाधारणपणे ९५ ची अपेक्षा असते, तेव्हा अशी बॅच रुग्णाला देता येत नाही. कोलॉइड यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळतात, म्हणून यकृत उजळते. मोकळा गॅलियम असता तर हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या दिसल्या असत्या. पीएसएमए-११ यकृतात थोडे तसेही जाते, त्यामुळे एकाच रुग्णावरून निष्कर्ष नको. त्या दिवशीच्या सगळ्या रुग्णांची चित्रे शेजारी ठेवून पाहा.

कोलॉइडचे कारण पुन्हा पीएच. किटमध्ये बफर ठरलेल्या प्रमाणात असतो आणि तो ठरलेल्या जनरेटरच्या ठरलेल्या आम्लासाठीच असतो. ०.०५ मोलारच्या जनरेटरसाठी बनवलेले किट ०.१ मोलारच्या जनरेटरला लावू नका, आणि उलटेही नको.

पट्टीबद्दल दोन गोष्टी. दमट दिवसांत सिलिकाच्या पट्ट्या हवेतले पाणी धरतात आणि ठिपका पसरतो. म्हणून आधी ओव्हनमध्ये वाळवून डेसिकेटरमध्ये ठेवा. आणि ठिपका फार तीव्र ठेवू नका. मोजयंत्र भरून गेले की मोठ्या शिखराची मोजणी कमी येते आणि चांगली बॅचही नापास दिसते.

आमच्याकडे एका रुग्णालयाने व्हायलसाठी शिशाचे भांडे करून मागितले आहे. जाडी किती ठेवू? (वर्कशॉप चालक, उद्यमबाग, बेळगाव)

आत काय ठेवणार ते आधी विचारा. टेक्नेशियमचे किरण १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, त्यांना ३ मिलिमीटर शिसे भरपूर झाले. गॅलियम-६८ चे ५११ चे. शिशाच्या सुमारे १७ मिलिमीटरमागे ते दहावा हिस्सा होतात, म्हणजे हजारावा हिस्सा करायला ५० मिलिमीटर लागतात. २० × १० × ५ सेंटिमीटरची एक वीट ११ किलोहून जड भरते, तेव्हा टेबल कोणते आहे तेही पाहा.

ओतकामात पोकळी राहू देऊ नका, ती बाहेरून दिसत नाही पण किरण तिथून जातात. झाकणाचा सांधा सरळ न ठेवता पायरीचा करा. आतून प्लास्टिकचे अस्तर द्या, बाहेरून रंगाचा जाड हात द्या, म्हणजे शिसे हाताला लागणार नाही. किरणोत्सारी माल घालून तपासणी रुग्णालयाचा किरण-सुरक्षा अधिकारी करेल, तुमच्याकडे तो माल येण्याचा प्रश्नच नाही.

टेक्नेशियमच्या किटमध्ये कथिलाचे क्लोराइड का असते? (शिक्षिका, हल्याळ)

जनरेटरमधून सलाइनने टेक्नेशियम निघते ते परटेक्नेटेट म्हणून. त्यात धातू अधिक सात अवस्थेत असतो, चार ऑक्सिजनांनी वेढलेला, आणि तो कोणत्याही चिलेटरकडे वळत नाही. स्टॅनस क्लोराइड त्याला खालच्या अवस्थेत आणते, मग तो बांधला जातो. पेप्टाइडवर यासाठी हायनिक नावाचा गट लावतात. तो एकटा पुरत नाही, ट्रायसिन आणि ईडीडीए हे जोडीदार लागतात, आणि व्हायल उकळत्या पाण्यात ठेवावी लागते.

स्टॅनसचे प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये असते आणि हवेतला ऑक्सिजन ते खाऊन टाकतो. म्हणून किटची व्हायल नायट्रोजनखाली बंद केलेली असते. द्रावण घालताना सिरिंजमधली हवा आत सोडली तर किट तिथेच वाया जाते. मग मोकळे परटेक्नेटेट रुग्णाच्या थायरॉइडमध्ये, लाळग्रंथींत आणि जठरात दिसते. तीन दिवसांनी प्रथमच एल्यूट केले तरी हेच होते: तोवर बरेचसे टेक्नेशियम दीर्घायुषी टेक्नेशियम-९९ झालेले असते, स्कॅनला लागणारे ९९एम आठ टक्क्यांच्या आसपास उरते, आणि कथिल त्या निरुपयोगी अणूंवरच खर्च होते.

जाता जाता एक. या जनरेटरच्या स्तंभात, ज्यापासून टेक्नेशियम होते ते मॉलिब्डेनम धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे ॲल्युमिना. बेळगावच्या हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून काढतात तोच पदार्थ, ग्रेड अर्थात वेगळा. वर्गात सांगायला चांगले उदाहरण आहे.

प्रतिपिंडालाही गॅलियम लावता येईल का? (एम.एस्सी. जैवतंत्रज्ञान, भालकी)

उपयोग नाही. पूर्ण प्रतिपिंड १५० किलोडाल्टनचा असतो आणि गाठीत पोहोचायला त्याला दिवस लागतात. गॅलियम तोवर संपलेले असते. ९५ अंशाला तापवले तर प्रतिपिंडही जातो. म्हणून ७८ तास अर्धायुष्याचे झिर्कोनियम-८९ घेतात. डीएफओ या चिलेटरचा आयसोथायोसायनेट पीएच ९ च्या सुमारास, प्रतिपिंडाच्या तिप्पट मोल प्रमाणात मिसळला की तो प्रतिपिंडातल्या लायसिन या अमिनो आम्लावर बसतो. प्रमाण फार वाढवले तर लायसिन झाकले जाऊन प्रतिपिंडाची पकड कमी होते. जादा डीएफओ जेल स्तंभातून काढून टाकायचा, ऑक्झलेटमधले झिर्कोनियम सोडियम कार्बोनेटने पीएच ७ ला आणायचे, आणि खोलीच्या तापमानाला तासभर ठेवायचे. डीएफओ सहा हातांनी धरतो, झिर्कोनियमला आठ हवे असतात. त्यामुळे काही धातू सुटून हाडांत जातो, आणि हाडातली प्रत्येक उजळ जागा म्हणजे गाठ असे वाचता येत नाही.

वडिलांचे गॅलियम स्कॅन आहे. औषध कोल्हापूरहून बेळगावला मागवता येणार नाही का? (वाचक, चिकोडी)

रस्ता दोन तासांचा. तेवढ्यात औषध २९ टक्के उरते, आणखी तासाभरात १६. म्हणून जनरेटर जिथे आहे तिथेच रुग्णाला जावे लागते. ल्युटेशियम-१७७ ची गोष्ट वेगळी: ते दिवसाला दहा टक्केच कमी होते, मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार झालेले ते गाडीने सहज येते.

वडिलांना ऑक्ट्रिओटाइडचे महिन्याचे इंजेक्शन चालू असेल तर स्कॅन पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी ठेवतात, तारीख घेताना हे सांगाच. स्कॅननंतर पाणी भरपूर पिऊ द्या. एसटीने परत येता येईल. घरात तान्हे मूल किंवा गरोदर बाई असेल तर रात्रीपर्यंत वडिलांनी थोडे दूर बसावे. अकरा तासांत किरणोत्सार जवळपास हजारावा हिस्सा होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी नातवंडाला मांडीवर घ्यायला हरकत नाही.